मंगल कार्यालय, डीएपी शिल्लक नाही, बोला

औशात वेबसाइट करून घ्यायला येणारा माणूस सहसा दोनच गोष्टी ठरवून आलेला असतो. एक, सगळ्यात वर आपला फोटो मोठा पाहिजे. दोन, पैसे सोयाबीन विकल्यावर. साइटवर काय असावं, ती कुणी बघावी आणि बघून पुढं काय करावं, हे सगळं तो करणाऱ्यावर सोडतो. करणारा म्हणजे आमचा भाचा. लातूरला इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली, करोनात लॅपटॉप घेऊन गावी आला आणि कंपनीनं परत बोलावलं तेव्हा मेलवर राजीनामा पाठवून मोकळा झाला. आता माडीवर दोन स्क्रीन लावून बसतो. गल्लीचा समज असा की तो शेअर बाजार करतो. तोही समज राहू देतो, कारण ‘फ्रंट एंड डेव्हलपर आहे’ असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “मंग मागलं कोण करतंय?”

हा प्रश्न भाच्याला झोंबतो. मला त्यात काही खोट दिसत नाही. पुढं जे जे घडलं ते बघता हिंजवडीतल्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच ठेवायला हरकत नव्हती.

त्याची पहिली साइट लातूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाची. हॉलचे फोटो, तारखा, दर, चौकशीचा फॉर्म, खाली फोन नंबर. देखणी झाली. ती बघून दुसरं गिऱ्हाईक आलं, एक कृषी सेवा केंद्र. आता पहिल्यापासून कोण लिहीत बसणार? जुनं फोल्डर कॉपी, नवीन नाव, ‘मंगल’ शोधा, ‘कृषी’ घाला, सगळीकडे बदला. संगणक सांगितलेलं काम इमानानं करतो, त्यामुळे ‘मंगलमूर्ती मोरया’चं ‘कृषीमूर्ती मोरया’ झालं आणि दुकानदाराला ते आवडलंसुद्धा. अडचण उरली ती न बदललेल्या गोष्टींची. फॉर्म भरल्यावर येणारा संदेश चित्रात होता, तो शोधात सापडला नाही. दहा-सव्वीस-सव्वीसच्या पाच पोत्यांची मागणी नोंदवणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर यायचं : ‘शुभमंगल सावधान! आपली तारीख पक्की झाली आहे. वधू-वर पक्षास हार्दिक शुभेच्छा.’ आणि सगळ्यात खाली फोन नंबर राहिला होता कार्यालयाचा.

ही साइट चालू झाली ती मृगात. कार्यालयाच्या मॅनेजरचे त्या दिवसांतले संवाद मी स्वतः ऐकलेले आहेत.

“मालक, डीएपी हाय का?”

“तारीख कोणती?”

“तारीख कशाला? आजच पायजे.”

“आज कसं जमंल? आज दुसऱ्याचं हाय.”

“सगळंच दुसऱ्याचं? चार पोते तरी ठिवा की आमाला.”

“पोते तुमचे तुमी आणायचे. आमी हॉल आन् भांडे देतो.”

आठवडाभरात मॅनेजर तयार झाला. फोन उचलला की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो म्हणायचा, “मंगल कार्यालय, डीएपी शिल्लक नाही, बोला.” यातल्या एका शेतकऱ्यानं मात्र क्षणभर थांबून विचारलं होतं, “बरं, हॉलचं काय घेता?” त्याची गोष्ट पुढं येईल.

पुन्हा वापरता येईल असा प्रकल्प बांधणे म्हणजे काय, हे भाच्याला तेव्हा कळायला पाहिजे होतं. ते कळलं धाराशिवमुळे. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. तोवर भाच्याच्या साइटींची संख्या दोन आकडी झाली होती आणि प्रत्येकीच्या प्रत्येक फॉर्ममध्ये जिल्ह्यांची यादी वेगळी लिहिलेली होती. औसा तालुका 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबादेतच होता, त्यामुळे इकडच्या निम्म्या लोकांच्या सोयरिकी तिकडच्या. जिल्हा चुकवून चालत नाही. भाचा रात्रभर फायली उघडत बसला. एका साइटीत संगणकावर धाराशिव आणि मोबाइलवर उस्मानाबाद असं पुढं बरेच महिने नांदत होतं. मलिक अंबरानं औसा घेतलं तेव्हा त्यानंही गावाचं नाव बदलून अंबरपूर ठेवलं होतं. तेव्हा ड्रॉपडाउन नव्हते, म्हणून त्याचं निभावलं.

त्या रात्रीनंतर भाच्यानं सगळ्या साइटींसाठी मिळून एकच सांगाडा बांधायला घेतला. त्यामागचा विचार साधा आहे आणि तो मला चहाच्या एका कपात समजला. बदलणाऱ्या गोष्टी एकीकडे, न बदलणाऱ्या दुसरीकडे. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, रंग, सुट्टीचा वार हे सगळं एका फाइलीत, तिचं नाव ‘कॉन्फिग’. नवं गिऱ्हाईक आलं की तेवढी फाइल नवी. जिल्ह्यांची यादी जगात एकाच ठिकाणी. बटन, फॉर्म, फोटोंची पट्टी हे ‘कंपोनंट’, त्यांचं फोल्डर वेगळं. बटनावर काय लिहायचं आणि ते दाबल्यावर काय व्हायचं, हे बटनाला बाहेरून सांगायचं. आपण लग्नात आहोत की खताच्या दुकानात, हे बटनाला कळताच कामा नये. सर्व्हरशी जे काही बोलणं व्हायचं ते ‘सर्व्हिसेस’ नावाच्या एकाच फोल्डरातून; बटनानं परस्पर बोलायचं नाही. आमच्या घरात ही शिस्त कधी लागली नाही, पण फोल्डरात लागते म्हणतात.

राहता राहिलं ‘यूटिल्स’. हे फोल्डर जगातल्या प्रत्येक प्रकल्पात असतं आणि त्यात कुठंच न बसणारं सगळं असतं. माजघरातला कोनाडाच तो : सुतळी, टोपण हरवलेला पेन, कुणाच्या तरी घराची किल्ली. फेकायचं कुणाला धाडस नसतं, कारण त्यातलं काय कशाला लागतंय ते कुणालाच माहीत नसतं. भाच्याच्या यूटिल्समध्ये ‘तारीख दाखवा’ नावाची फाइल होती, ‘तारीख दाखवा दोन’ होती आणि ‘तारीख दाखवा खरी’ अशीही एक होती. वापरात होती पहिली.

नव्यानं शिस्त लागलेल्या माणसाचं जे होतं तेच भाच्याचंही झालं. आता प्रत्येक गोष्ट पुन्हा वापरता आलीच पाहिजे, असं त्यानं घेतलं. बटनाला त्यानं इतके पर्याय दिले की गोल, चौकोनी, झुलणारं, गुलाबी, बंद असताना करडं, बंद असूनही गुलाबी, असं कसलंही बटन त्यातून काढता यायचं. फक्त साधं बटन काढायला वीसेक गोष्टी सांगाव्या लागायच्या. साधं बटन पाहिजे असलं की तो स्वतःच गुपचूप वेगळं लिहायचा. मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’ या 1999 च्या पुस्तकात डॉन रॉबर्ट्स यांच्या नावानं एक नियम दिलेला आहे : एखादी गोष्ट पहिल्यांदा करा, दुसऱ्यांदा तीच करावी लागली तर तोंड वाकडं करून करा, तिसऱ्यांदा वेळ आली की मग वेगळी काढा. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. औशात अजून दुसरं मंगल कार्यालय गिऱ्हाईक म्हणून आलेलं नसताना ‘सर्व धर्मांच्या सर्व विधींसाठी लवचीक मुहूर्त-दर्शक’ लिहीत बसणाऱ्याला तो कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

आता मागलं कोण करतंय, त्याकडे येऊ.

लातूरच्या एका क्लासनं भाच्याकडून निकालाची साइट करून घेतली. लातूर पॅटर्नचा जिल्हा. इथं निकाल हा सणावाराइतका मोठा विषय. सराव परीक्षेचा निकाल लागला आणि संध्याकाळी आमच्याच ओळखीच्या घरून पेढे आले. पोराला 720 पैकी 702. वडिलांनी स्क्रीनशॉट सोयऱ्यांच्या गटावर टाकलेला. दुसऱ्या दिवशी क्लासच्या बोर्डावर यादी लागली, तिच्यात पोराला 402. वडील क्लासवाल्यावर धावून गेले, क्लासवाला भाच्यावर, आणि भाचा स्क्रीनशॉट बघून हसायला लागला. पोरानं एवढंच केलं होतं : संगणकावर निकाल उघडला, माउसचं उजवं बटन दाबलं, ‘इन्स्पेक्ट’ केलं, चारच्या जागी सात टाईप केला आणि फोटो काढला. सर्व्हरवरचा आकडा जागचा हलला नव्हता. पोराच्या स्क्रीनवरची प्रत पोराच्या मालकीची, तिच्यात तो नऊशे टाकू शकला असता. सातच टाकला, यावरून पोराला व्यवहारज्ञान चांगलं आहे असं माझं मत झालं.

क्लासवाल्यानं उपाय सुचवला : उजवं बटन बंद करून टाक. भाच्यानं समजावलं की इन्स्पेक्ट किबोर्डवरूनही उघडतं, आणि मुळात पान एकदा त्याच्या ब्राउजरात गेलं की ते त्याचंच झालं. क्लासवाल्याला पटलं नाही. त्यानं उजवं बटन बंद करूनच घेतलं आणि जाहिरातीत ‘संपूर्ण सुरक्षित निकाल प्रणाली’ असं छापलं.

पण हसण्याची पाळी भाच्यावरही आली. कार्यालयाच्या साइटवर आगाऊ रक्कम ऑनलाइन भरायची सोय त्यानं केली होती. तारीख निवडा, हॉल निवडा, रक्कम आपोआप येते, भरा. रक्कम पानावर ठरायची आणि पान सांगेल ती सर्व्हर निमूट मान्य करायचा. कुणा नवरदेवाच्या उद्योगी मित्रानं पानातला आकडा खोडला आणि त्या जागी 11 घातले. शुभकार्याला शुभ आकडा. पैसे भरले गेले, पावती आली, ‘पूर्ण आगाऊ रक्कम मिळाली, आभारी आहोत’, वर सनई वाजली. सनईचा कंपोनंटही पुन्हा वापरता येण्याजोगा होता. मित्र भला निघाला. स्वतःच मॅनेजरला पावती दाखवून गेला आणि उरलेले पैसे रोख दिले. त्या दिवसापासून दर सर्व्हर ठरवतो. पान फक्त विचारतं, ‘हा हॉल, ही तारीख, किती होतील?’ पानावरची तपासणी आहेच, पण ती गिऱ्हाइकाच्या सोयीपुरती, म्हणजे मोबाइल नंबर नऊ आकडी टाकला तर तिथल्या तिथं सांगायला. भरवसा टाकायची तपासणी मागं.

औशाच्या किल्ल्याकडे बघून हे आधीच कळायला हरकत नव्हती. आमचा किल्ला भुईकोट आहे आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा खोलगट जागेत बसवलेला आहे. आतल्या उंच बुरुजावरून लांबून येणारी फौज दिसते, फौजेला मात्र किल्ल्याचा बराचसा भाग दिसतच नाही. भोवती सुमारे 120 फूट रुंदीचा खंदक, दुहेरी तट, पहिला दरवाजा लोहबंदी, मग पुढचा. बांधणाऱ्यानं दरवाजा भक्कम केला, पण दारूगोळा दरवाज्याला टांगून ठेवला नाही. फ्रंट एंडवाले नेमकं तेच करतात. संदेश पाठवणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली भाच्यानं पानाच्या कोडमध्ये लिहिली. मग कुणीतरी सांगितलं की अशा गोष्टी ‘डॉट एन्व्ह’ फाइलीत ठेवतात. त्यानं तिथं नेऊन ठेवली आणि निवांत झोपला. पण व्हीट नावाचं जे साधन तो वापरतो, त्यात ‘व्हीट’नं सुरू होणारी नावं दिली की तयार होणाऱ्या पानात त्या किमती जशाच्या तशा भरल्या जातात. म्हणजे गुपित आतल्या खोलीत नेलं आणि तिथून छापून गावभर वाटलं. ब्राउजरात जाणाऱ्या कोडमध्ये गुपित ठेवायला जागाच नसते. जे गुप्त आहे ते सर्व्हरवर. किल्ला म्हणून अभेद्य राहिला असं नाही. 1636 मध्ये शाहजहानच्या फौजेनं तो घेतलाच. पण त्यांना वेढा घालावा लागला, उजवं बटन दाबून भागलं नाही.

यानंतरची गंमत शुभेच्छांच्या पानावर झाली. लग्नाला येऊ न शकणाऱ्यांनी नाव आणि शुभेच्छा लिहाव्यात, त्या मांडवातल्या मोठ्या पडद्यावर दिसाव्यात, अशी ती कल्पना. कुणा भाऊबंदानं नावाच्या जागी नावाऐवजी एचटीएमएलचा मार्की टॅग लिहिला. अक्षता पडत असताना पडद्यावर ‘जेवण आधी लावा’ ही ओळ उजवीकडून डावीकडे सरकू लागली. थांबेचना. वऱ्हाडानं ती आज्ञा समजून पंगत धरली.

हे हसण्यावारी गेलं, कारण भाऊबंद भुकेलेला होता, चोर नव्हता. 2005 च्या ऑक्टोबरात मायस्पेसवर सॅमी कामकर या तरुणानं (आडनाव ऐकून कान टवकारू नयेत, तो अमेरिकेतला) आपल्या पानात अशीच स्क्रिप्ट दडवली. जो ते पान बघेल त्याच्या खात्यातून सॅमीला मैत्रीची विनंती जायची आणि स्क्रिप्ट त्याच्याही पानात उतरायची. वीस तासांत दहा लाखांवर खाती लागली. उपाय जुनाच आहे : बाहेरून आलेला मजकूर हा मजकूर म्हणूनच दाखवायचा, कोड म्हणून चालू द्यायचा नाही. 2013 मध्ये फेसबुकनं जगाला मोफत दिलेलं रिअ‍ॅक्ट हे आपणहून करतं. तरी कुणाला मजकुरातला कोड चालवायचाच असेल तर त्यासाठी ज्याचा वापर करायचा त्याचं नावच ‘डेंजरसली सेट इनर एचटीएमएल’ ठेवलंय, म्हणजे डीपीवर कवटी रंगवतात तसलाच प्रकार. त्याच रिअ‍ॅक्टच्या पोटात एका गोष्टीचं नाव बरीच वर्षं ‘गुप्त अंतर्भाग, वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल’ अशा अर्थाचं होतं. भाचा म्हणाला, माझी तर आधीच गेलीय.

लॉगिनची खूणही तो आधी ‘लोकल स्टोरेज’मध्ये ठेवायचा. पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट ती वाचू शकते, भुकेल्या भाऊबंदाचीसुद्धा. आता ती ‘एचटीटीपी ओन्ली’ कुकीत असते. तिथं पानावरच्या जावास्क्रिप्टचा हात पोचत नाही. शिवाय कुठल्या ठिकाणच्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या, याची यादी सर्व्हर ब्राउजरला देतो. लग्नात दारावर उभा राहून ‘तुम्ही कुणाकडचे?’ विचारणारा जो चुलता असतो त्याचं काम हे.

तेवढ्यानं भागतं असंही नाही, कारण साइटीतलं बहुतेक कोड भाच्यानं लिहिलेलंच नसतं. एनपीएम नावाच्या भांडारातून तो पॅकेजं घेतो, ती पॅकेजं आणखी पॅकेजं घेतात, आणि शेवटी ‘नोड मॉड्यूल्स’ या फोल्डरात शेकडो अनोळखी माणसांचं काम येऊन बसतं. 22 मार्च 2016 ला अझर कोचुलू या प्रोग्रामरचं एका पॅकेजच्या नावावरून भांडण झालं आणि त्यानं आपली अडीचशेहून जास्त पॅकेजं भांडारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट पॅड’ होतं. काम काय, तर शब्दाच्या डावीकडे ठरावीक जागा भरून देणे. ओळी अकरा. तेवढ्यानं जगभरातल्या नामांकित प्रकल्पांची बांधणी बंद पडली. सुमारे दोन तासांनी भांडारानं ते पॅकेज आपल्या अधिकारात परत ठेवलं.

तेव्हा हिंजवडीत असलेल्या भाच्यानं फोनवर हे मला मोठ्या कळवळ्यानं सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं. आमच्याकडे नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते मोजणं लोकांनी सोडलं होतं. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, 12 एप्रिलला पहाटे, मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला लागली. साडेतीनशे किलोमीटरवरून. तेव्हा लांबच्या अनोळखी माणसाच्या भरवशावर उभं असणं म्हणजे काय, हे त्यानं मला समजावून सांगायची तशी गरज नव्हती. सप्टेंबर 2025 मध्ये तर चॉक, डीबग अशा अगदी घरोघरच्या पॅकेजांत चोरांनी कोड घुसवलं. ती सांभाळणाऱ्या माणसाला मेल आला होता की सुरक्षेसाठी तुमची दुहेरी पडताळणी नव्यानं करून घ्या. आपल्याकडे ‘तुमचं केवायसी संपलंय’ म्हणून फोन येतो, तोच हा धंदा. आता भाचा पॅकेज घेताना ते खरंच लागतं का बघतो, अकरा ओळींचं असेल तर स्वतः लिहितो आणि कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं याची लॉक फाइल जपून ठेवतो. ती त्यानं एकदा यूटिल्समध्ये ठेवली होती. काढायला लावली.

एवढं सगळं बांधून झाल्यावर जुन्या साइटी नव्या सांगाड्यावर आल्या. खताच्या दुकानाला दुकानाचा नंबर लागला, शुभेच्छा फक्त वधू-वरांना जाऊ लागल्या. महिनाभरात कार्यालयाचे मालक माडीवर हजर.

“काय केलास रे साइटीला? फोनच यीनात.”

भाच्यानं त्यांना सगळं समजावलं. आधीची चूक कशी झाली, आता कॉन्फिग वेगळी कशी आहे, एकाचा नंबर दुसऱ्याकडे जाणं आता शक्यच कसं नाही. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं की मागच्या मृगात डीएपी मागायला फोन केलेल्यांतल्या एकानं मुलीचं लग्न कार्यालयात लावलं, त्याच्या साडूनं साखरपुडा केला आणि चुलतभावानं बारसं. हॉलची एवढी जाहिरात कधी झाली नव्हती.

“ते आधीचं हुतं तसंच कर. खतवाल्याशी मी बोललोय. त्याला बी चालतंय.”

भाचा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग त्यानं खताच्या दुकानाची कॉन्फिग उघडली, ‘दुसरा फोन’ अशी एक ओळ घातली आणि समोर कार्यालयाचा नंबर टाकला. बाकी कुठं हात लावावा लागला नाही. मालक जिना उतरता उतरता म्हणाले, ते शुभमंगलचं चित्र पण राहू दे, शेतकऱ्याला बरं वाटतंय.